मालक नसलेल्या जाळ्यात भरवसा कुठे असतो?

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठच्या गावांमध्ये फड पद्धतीचे सिंचन तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेले आहे. नदीवर बांधलेला दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड, एका फडात त्या हंगामापुरते एकच पीक आणि पाणी फिरवण्यासाठी नेमलेला पाटकरी अशी ही रचना आहे. शेतकरी आपल्या मर्जीने पाणी वळवत नाही. पाटकरी एका शेतामागून दुसऱ्या शेताला क्रमाने पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो, आणि यंदा कोणता फड भिजवायचा व कोणता पडीक ठेवायचा हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात. या व्यवस्थेला एक मालक नाही, तरीही ती टिकली, कारण माणसे एकमेकांना ओळखतात, कुणाची किती जमीन पाटाखाली येते हे सर्वांना दिसते, आणि नियम मोडणाऱ्यालाही पुढचा हंगाम त्याच गावात काढायचा असतो.

संगणकांच्या विकेंद्रित व्यवस्थेला, म्हणजे कोणत्याही एका संस्थेच्या सर्व्हरवर अवलंबून नसलेल्या जाळ्याला, हेच साधायचे असते. मात्र या तीन आधारांपैकी एकही तिच्यापाशी नसतो. जळगावच्या बाजारपेठेत आपण यूपीआयने पैसे देतो तेव्हा हिशोबाची जबाबदारी बँका आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन यांच्यावर असते, आणि काही बिनसले तर तक्रार घेऊन जाण्याची जागा ठरलेली असते. बिटकॉइनसारख्या व्यवस्थेत तोच हिशोब जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेला असतो. ते चालवणारे एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांतले काही लबाड असू शकतात, काही मध्येच बंद पडतात, आणि तरीही प्रत्येकाच्या वहीत एकच नोंद उतरली पाहिजे अशी अट असते. अशा व्यवस्थांविषयी ‘इथे कुणावर विश्वास ठेवण्याची गरजच नाही’ असे वारंवार सांगितले जाते. मला ते विधान दिशाभूल करणारे वाटते. बँकेवरचा भरवसा इथे काढून घेतलेला असतो हे खरे, पण तो गणितावर, खर्चावर, प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर आणि किल्ल्या सांभाळणाऱ्यांवर जाऊन बसतो. तो नेमका कुठे बसला आहे हे कळल्याशिवाय व्यवस्था सुरक्षित आहे की नाही हे सांगता येत नाही.

सर्वांत आधी एकमताचा प्रश्न घेऊ. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ या तिघांनी १९८२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात हा प्रश्न ‘बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने मांडलेला आहे. विमान नियंत्रित करणाऱ्या संगणकांपैकी एखादा बिघडून चुकीची माहिती देऊ लागला तर बाकीच्यांनी काय करायचे, या कामातून हे संशोधन पुढे आले. त्याचा गाभा तीन संगणकांच्या उदाहरणावरून समजतो. अ या संगणकाने ब आणि क यांना एक निरोप द्यायचा आहे: ‘रक्कम जमा झाली’ किंवा ‘झाली नाही’. क ला अ कडून ‘झाली नाही’ असे कळले. खात्री करण्यासाठी त्याने ब ला विचारले, तर ब म्हणाला, ‘मला अ ने झाली असे सांगितले.’ आता लबाड कोण? अ ने दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या असतील, किंवा अ खरे बोलला असेल आणि ब ने निरोप फिरवला असेल. दोन्ही परिस्थितींत क च्या हाती येणारे संदेश अगदी सारखेच असतात, त्यामुळे त्याने कितीही हुशारीने विचार केला तरी त्याला उत्तर सापडणार नाही. चौथा संगणक ड आला की चित्र बदलते. ब लबाड असेल तर क आणि ड यांना अ कडून आणि एकमेकांकडून तोच निरोप मिळतो, म्हणजे दोनास एक असे बहुमत होते. आणि अ लबाड असेल तर ब, क, ड हे तिघे एकमेकांना मिळालेले निरोप मांडून त्याच तीन निरोपांवरून एकच निर्णय घेतात. म्हणून एका लबाडासाठी किमान ४ संगणक लागतात, दोघांसाठी ७, आणि १०० संगणकांचे जाळे जास्तीत जास्त ३३ लबाड सोसू शकते. एक तृतीयांशाची ही मर्यादा कुणा कंपनीने ठरवलेली नाही. ती गणिताने सिद्ध झालेली आहे आणि आजच्या अनेक ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या साखळीबद्ध नोंदवह्या, तिच्याच आत राहून काम करतात.

त्यानंतर १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी आणखी एक कठोर मर्यादा दाखवली. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल, तर अवघा एक संगणक बंद पडण्याची शक्यताही ठरावीक नियमांनी चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीला निर्णयापर्यंत नक्की पोहोचण्याची खात्री देऊ देत नाही. शिरपूरमधला संगणक वीज गेल्यामुळे गप्प आहे की नेटवर्क संथ आहे म्हणून त्याचे उत्तर अडले आहे, हे नंदुरबारला बसलेल्या संगणकाला ओळखता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. प्रत्यक्षातल्या व्यवस्था यातून वाट काढतात ती वेळेच्या मर्यादा धरून किंवा थोडा नशिबाचा भाग आत आणून. मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९९९ साली मांडलेल्या पद्धतीमुळे अशी एकमताची योजना पुरेशा वेगाने चालवता येते हे दिसून आले.

वरच्या उदाहरणात एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती, ती म्हणजे सही. अ ने आपल्या प्रत्येक निरोपावर बनावट करता न येणारी सही केली असती, तर ब ला तो निरोप बदलता आला नसता, आणि अ ने दोन परस्परविरोधी निरोप पाठवले असते तर ते दोन्ही त्याच्याच सहीनिशी समोर आले असते. डिजिटल सही हे काम करते. तिच्यामागे किल्ल्यांची जोडी असते: खासगी किल्ली फक्त सही करणाऱ्यापाशी राहते, सार्वजनिक किल्ली सर्वांना दिलेली असते, आणि खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने कुणालाही तपासता येते. या कल्पनेचा पाया व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली घातला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा सहीला कायदेशीर मान्यता दिली, आणि आज महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला सातबारा चालतो तो तिच्याच जोरावर. त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही.

दुसरे साधन हॅश. कोणताही मजकूर, तो एक शब्द असो की हजार पानांचे दप्तर, एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढला की ठरावीक लांबीची खूण मिळते. एसएचए-२५६ या प्रक्रियेत ती ६४ चिन्हांची असते. इंग्रजीतला ‘हॅलो’ हा शब्द सगळा लहान लिपीत लिहून दिला तर खुणेची सुरुवात ‘२सीएफ२४डीबीए’ अशी होते. त्यातले फक्त पहिले अक्षर मोठ्या लिपीत केले की सुरुवात ‘१८५एफ८डीबी३’ होते, आणि पुढची चिन्हेही पूर्णपणे वेगळी येतात. खुणेवरून मूळ मजकूर काढता येत नाही, आणि तीच खूण देणारा दुसरा मजकूर शोधणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. वहीच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण लिहिली तर जुन्या पानावरचा एक आकडा बदलताच त्या पानाची खूण बदलते, म्हणून पुढच्या पानावरची जुळत नाही, आणि फेरफार उघड होतो. ब्लॉकचेनमधली साखळी ती हीच. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांवर विश्वासार्ह तारीख टाकण्यासाठी ही कल्पना १९९१ सालीच मांडली होती, बिटकॉइनच्या किती तरी आधी.

एवढ्याने काम संपत नाही, कारण वर ‘चारपैकी एक लबाड’ असे म्हणताना चार म्हणजे खरोखरच चार वेगळे आहेत हे आपण गृहीत धरले. फडात हे गृहीत धरणे योग्यच असते. पाटाखाली ज्याची जमीन नाही त्याला भागधारक म्हणून उभे राहता येत नाही आणि एका शेतकऱ्याला दहा शेतकरी असल्याचे सोंग आणता येत नाही. इंटरनेटवर मात्र एकच माणूस एका लॅपटॉपवरून दहा हजार संगणक असल्याचा आव आणू शकतो. जॉन डूसर यांनी २००२ साली या धोक्याची रीतसर मांडणी केली आणि त्याला ‘सिबिल हल्ला’ हे नाव रूढ झाले. ओळख तपासणारी मध्यवर्ती संस्था नसेल तर डोकी मोजून बहुमत ठरवण्यात अर्थ उरत नाही. माझ्या मते विकेंद्रित व्यवस्थांच्या सुरक्षेतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि एकेक व्यवस्था दुसरीपेक्षा वेगळी ठरते ती प्रामुख्याने त्याच्या उत्तरावरून.

बिटकॉइनने याचे उत्तर खर्चात शोधले. नवे पान लिहिण्याचा मान मिळवायचा तर एक निरुपयोगी पण अवघड कोडे सोडवावे लागते, आणि ते सोडवण्याचा एकच मार्ग म्हणजे अब्जावधी अंदाज करून पाहणे. असे कष्ट मागण्याची कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली नको असलेल्या ईमेलना आवर घालण्यासाठी सुचवली होती. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासून सरासरी दहा मिनिटांना एक पान पडते, आणि संगणकांचे बळ वाढले की दर २,०१६ पानांनंतर कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. इथे खोटी नावे घेऊन उपयोग नाही, कारण मत नावाला नसून खर्च झालेल्या विजेला आहे. म्हणजेच भरवसा एका गृहीतकावर येऊन थांबला: निम्म्याहून अधिक संगणकबळ कुणा एकाच्या हाती जाणार नाही. मोठ्या जाळ्यात ते महाग पडते, लहान जाळ्यात तितकेसे नाही. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्ड या छोट्या चलनावर असाच हल्ला झाला, आणि इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये झाला. अशा हल्लेखोराला काय करता येते आणि काय येत नाही हे नीट समजून घ्यायला हवे. तो आपण नुकताच केलेला खर्च वहीतून पुसून तेच पैसे दुसऱ्यांदा वापरू शकतो. दुसऱ्याच्या खात्यातले पैसे मात्र उचलू शकत नाही, कारण त्यासाठी त्या दुसऱ्याची सही लागते.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कोडे सोडवण्याची पद्धत बंद करून अनामतीची पद्धत स्वीकारली. पाने लिहिण्यात भाग घेणाऱ्याला किमान ३२ ईथर (इथेरियमचे चलन) अडकवून ठेवावे लागतात, आणि दोन परस्परविरोधी पानांवर सही केल्याचे सिद्ध झाले की अनामतीचा काही भाग जप्त होतो. विजेचा वापर यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक घटला. एक तृतीयांश अनामत असलेल्या मंडळींनी सहकार्य थांबवले तर तिथे नोंदी अंतिम होणे थांबते. १९८२ ची ती मर्यादा इथे जशीच्या तशी भेटते.

तिसरे उत्तर साधे आहे: सभासद आधीच ठरवून टाकायचे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांमुळे बँका आणि कंपन्या व्यावसायिक एसएमएस पाठवताना आपले नाव आणि संदेशाचा नमुना ज्या सामायिक नोंदवहीत नोंदवतात, ती याच प्रकारची आहे. ती दूरसंचार कंपन्या मिळून चालवतात, बाहेरच्याला तिच्यात लिहिता येत नाही. त्यामुळे बँकेचे नोंदलेले नाव वापरून संदेश पाठवणे अवघड झाले. पण साध्या दहा आकडी नंबरावरून ‘तुमचे वीजबिल थकले आहे, या लिंकवर भरा’ असा निरोप धाडणारा त्या नोंदवहीच्या वाटेला जातच नाही.

आता किल्ल्यांकडे वळू, कारण प्रत्यक्षात मोठी लूट झाली आहे ती बहुतेक वेळा गणित मोडून नव्हे, किल्ल्या पळवून किंवा सही करणाऱ्यांना फसवून. ‘रोनिन’ नावाच्या व्यवस्थेचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका ऑनलाइन खेळासाठी उभारलेल्या या व्यवस्थेत पैसे बाहेर काढायला ९ पैकी ५ जणांच्या सह्या लागत. कागदावर हे विकेंद्रीकरण ठीक दिसते. परंतु त्या नऊपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या, म्हणजे त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या चोराला पाचवी तेवढी हवी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्यवहारांचा ताण वाढला म्हणून आणखी एका सभासदाने आपल्या वतीने सही करण्याची परवानगी कंपनीला दिली होती. डिसेंबरमध्ये ती गरज संपली, पण परवानगी रद्द करायची राहून गेली. २३ मार्च २०२२ रोजी त्याच वाटेने पाचवी सही मिळाली आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. सहा दिवस कुणाच्या लक्षातही आले नाही; एका ग्राहकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा शोध लागला. नऊ हा आकडा सुरक्षा देत नाही. ते नऊ जण खरोखर स्वतंत्र आहेत का, हा खरा प्रश्न आहे. भारतात जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आभासी चलनाच्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे चलन गेले, तेही अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमधून. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने तेव्हा सांगितले. सही खरी असते, पण ती कशावर होत आहे हे सांगणारा पडदा खोटा असू शकतो.

प्रोग्रामवरचा भरवसा हे आणखी एक ठिकाण. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डीएओ’ या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर वळवले गेले. त्या प्रोग्राममध्ये पैसे आधी दिले जात आणि शिल्लक नंतर कमी केली जाई. हल्लेखोराने शिल्लक कमी होण्याच्या आत पुन्हा पुन्हा मागणी केली. पुढच्या महिन्यात बहुसंख्यांनी नियमच बदलून ते पैसे परत मिळवले, आणि हे ज्यांना मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली. तीच पुढे कमी संगणकबळामुळे हल्ल्यांना बळी पडली. अपरिवर्तनीय म्हणवणारी वही माणसांनी ठरवले तर बदलू शकते, हे त्या वेळी सर्वांसमोर आले.

खान्देशातल्या वाचकाच्या दृष्टीने मात्र वहीत पहिली नोंद कोण करतो, हा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि केळीचा घड कोणत्या बागेतून निघाला हे ब्लॉकचेनवर नोंदवले की परदेशी खरेदीदाराची खात्री पटेल, अशा कल्पना आता मांडल्या जातात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. रावेरच्या पेटीवर दुसऱ्याच प्रदेशातल्या मालाची नोंद चिकटवली, तर ती नोंद हजारो संगणकांवर अचूक जपली जाईल, कुणालाही पुसता येणार नाही, आणि तरीही खोटीच राहील. बागेत उभे राहून घड पाहणारा प्रामाणिक माणूस, त्याचे वजनमाप आणि त्याच्यावर देखरेख यांची गरज तंत्रज्ञानाने कमी होत नाही. बिटकॉइनच्या नावाखाली दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणारी गेनबिटकॉइन योजना, जिच्या चालकाला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली, तिथेही बिटकॉइनची साखळी कुणी तोडली नव्हती. लोकांनी आपले चलन स्वतः दुसऱ्याच्या स्वाधीन केले होते. कुणी नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस अशी योजना घेऊन आला तर माझा आग्रह एकाच चौकशीचा असतो: खासगी किल्ली कुणाकडे राहणार? ती योजनेच्या चालकाकडे असेल तर व्यवस्था विकेंद्रित नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

जमिनीच्या नोंदींसाठी ब्लॉकचेन आणावी अशी सूचनाही अधूनमधून होते. मला वाटते, तिथे हजारो संगणकांचे जाळे आणि नवे चलन यांची गरज नाही. सही आणि हॅश एवढ्यावर बरेच साधता येते. हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या कंपनीने १९९५ पासून आपल्याकडच्या सर्व कागदपत्रांची मिळून एक खूण न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापायला सुरुवात केली होती. त्याच धर्तीवर तालुक्यात प्रमाणित झालेल्या फेरफार नोंदींचे हॅश राल्फ मर्कल यांनी १९७९ साली मांडलेल्या झाडाच्या रचनेत दोन-दोन करून जोडत नेले, तर शेवटी ६४ चिन्हांची एकच ओळ उरते, आणि ती जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दैनिकांत दर आठवड्याला छापता येईल. आठवड्याला हजार नोंदी झाल्या तरी दोन-दोन जोडत दहा पायऱ्यांत एकच ओळ उरते, म्हणून शेतकऱ्याला आपल्या फेरफाराच्या प्रतीबरोबर फक्त दहा हॅश जपून ठेवावे लागतील. पुढे कधी वाद निघाला, तर त्या दहा हॅशांवरून काढलेली ओळ वाचनालयातल्या जुन्या अंकाशी ताडून त्याची नोंद त्या तारखेला अशीच होती हे कोणत्याही न्यायालयापुढे दाखवता येईल, आणि मधल्या काळात दप्तरात कुणी गुपचूप बदल केला असेल तर तो लपणार नाही. मुळात ती नोंद बरोबर होती का, यासाठी मात्र पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्यांची चौकशी आजच्याप्रमाणेच लागेल. म्हणून अशी योजना कुणी हाती घेतलीच, तर ती नोटीस खातेदाराच्या हातात खरोखर पोहोचते की नाही हे तिच्यात पहिल्या दिवसापासून तपासले गेले पाहिजे.